मर्यादित बजेटमध्ये जुनी परफॉर्मन्स बोट घ्यायची आहे, काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की पैसे मोजके आहेत, वेगवान बोटीची हौस मात्र जुनी आहे. एक २८ फुटी, दोन इंजिनांची, 'भरपूर काम केलेली' बोट आणि एक २२ फुटी, एका इंजिनाची, कंपनीतून आली तशीच असलेली बोट, दोन्ही जवळपास सारख्याच किमतीत मिळत आहेत. कोणती घ्यावी, आणि पैसे देण्याआधी काय तपासावं?

२२ फुटी घ्या. तीही तपासणीत खरी उतरली तरच.

मोठी बोट त्याच पैशांत का मिळते आहे याचा आधी विचार करा. अशा बोटीची किंमत एकदाच देऊन भागत नाही, ती दर हंगामात द्यावी लागते. दोन इंजिनं म्हणजे दोन ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रॉपेलरपर्यंत नेणारा भाग), एक्झॉस्टचे दोन संच, दोन ठिकाणचं तेल आणि पंप, आणि बिघडायच्या जागाही दुप्पट. साधारण ४०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर ताशी सव्वाशे ते दीडशे लिटर पेट्रोल लागतं. हे एका इंजिनाचं झालं. आधीच्या मालकाला हे झेपेनासं झालं म्हणून बोट विकायला निघाली असेल, तर तोच भार तुमच्या खांद्यावर येणार.

वेगाचं गणितही मोजक्या पैशांच्या विरोधात जातं. पाण्यावर सरकणाऱ्या बोटीचा कमाल वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद २१ टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि ताकद दुप्पट केली तरी वेग ४० टक्क्यांच्या आसपासच वाढतो. वेगातले शेवटचे दहा-पंधरा मैल सगळ्यात महाग पडतात ते यामुळे. हलकी, लहान बोट एका साध्या इंजिनावर जो आनंद देते, त्याला खरंच तोड नाही. पाण्याच्या इतक्या जवळ बसून ताशी ५०-५५ मैल हा वेग अंगावर येतो. (या बोटींच्या जगात वेग मैलांत आणि लांबी फुटांत सांगायची पद्धत आहे, म्हणून मीही तसंच लिहितोय.)

'भरपूर काम केलेली' या शब्दांनी मात्र मी सावध होतो. इंजिनात जास्त आक्रमक कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला की एक्झॉस्ट आणि इनटेकचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करण्यासाठी पाणी सोडलेलं असतं. संथ वेगात हे पाणी उलटं ओढलं जाऊन सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतं, आणि मग आतून गंज धरतो. गाडीसाठी बरोबर असलेला बदल बोटीत इंजिन मारतो तो असा. वाढलेली ताकद ड्राइव्हलाही सोसावी लागते. मर्क्रूझर या बोट-इंजिनांच्या ब्रँडचा अल्फा ड्राइव्ह साधारण ३०० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे, त्याहून दांडग्या इंजिनांना ब्राव्हो लागतो, आणि ब्राव्होलाही मर्यादा आहेच. बदल कोणी केले, कोणते भाग वापरले, याची बिलं असतील तर बोलणं पुढे न्या. नुसतं तोंडी वर्णन असेल तर तो विषय सोडून द्या.

आता माझं मुख्य म्हणणं. हाती मोजके पैसे असणाऱ्याने आधी हल, म्हणजे बोटीचा मूळ सांगाडा, पाहावा, मग इंजिन, आणि वेगाकडे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. इंजिनाचं झाकण उघडतात, चकचकीत क्रोम बघतात आणि तिथेच मन देऊन बसतात. इंजिन बदलता येतं, ड्राइव्ह बदलता येतो. कुजलेला हल दुरुस्त करायचा तर आतली जमीन, टाकी, इंजिन सगळं बाहेर काढावं लागतं, आणि तो खर्च बऱ्याचदा बोटीच्या किमतीच्याही वर जातो.

जुन्या आराखड्याला भिऊ नका. बोटींचे आराखडे करणाऱ्या रे हंट यांनी घडवलेल्या खोल व्ही आकाराच्या हलची 'मॉपी' ही बोट १९६० मध्ये वेगवान बोटींची मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, तेव्हापासून वेगवान बोटींचा तळ त्याच विचारावर उभा आहे. मागच्या टोकाशी सुमारे २४ अंशांचा कोन असलेला तळ लाटा कापत जातो, आपटत नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वीचा चांगला हल आजही चांगलाच हल आहे. तळाला आडव्या पायऱ्या असलेले स्टेप्ड हल वेगवान असतात खरे, पण चुकीच्या ट्रिमवर (ड्राइव्हच्या वर-खाली कोनावर) जोरात वळवले तर मागची बाजू एकदम सुटू शकते. पहिली बोट असेल तर सरळ व्ही घ्या.

पाहायचं ते लाकूड. फायबरग्लासच्या जुन्या बोटींत ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत, आणि तळाशी लांबीभर जाणारे स्ट्रिंगर यांच्या गाभ्यात बहुधा लाकूड किंवा प्लायवुड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरत राहतं, आणि वरचं फायबर छान दिसत असताना आतला गाभा भुसभुशीत होतो. प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्समवर सगळीकडे ठोकत जा. निरोगी जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बसका. मग ड्राइव्हच्या खालच्या पात्याला धरून तो वर-खाली जोर लावून हलवा, आणि सोबत्याला आत ट्रान्समकडे बघत राहायला सांगा. ड्राइव्हच्या सांध्यात थोडी हालचाल चालते, भिंत हलता कामा नये. इंजिन ज्या बोल्टांनी स्ट्रिंगरवर बसवलेलं असतं ते पान्याने हलकेच आवळून पाहा. बोल्ट नुसताच गोल फिरत राहिला तर खाली धरायला लाकूड उरलेलं नाही. असं एकदा जरी दिसलं तरी मी बोट सोडून निघतो, भाव कितीही खाली येवो.

आर्द्रता मोजणारा मीटर उपयोगी आहे, पण आत धातू असेल किंवा तळाला रंग असेल तर तो फसवतो, म्हणून तो जाणत्या सर्वेअरच्याच, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाच्याच, हातात असावा. सर्वेअरची फी वाचवू नका. बजेट जितकं लहान, तितकी ती फी गरजेची, कारण एका चुकीच्या खरेदीतून सावरायला तुमच्याकडे दुसरे पैसे नाहीत.

आणखी एक तपासणी अशी आहे जी फार थोडे लोक करतात. बोट ट्रेलरवर असताना मागच्या टोकापासून पुढे चार-पाच फूट तळाला एक सरळ पट्टी लावा. पट्टी आणि तळ यांच्यात फट दिसली, म्हणजे तळ आत दबला असेल, तर बोट नाक खाली घालते आणि वेग हरवते. उलट फुगीर असेल तर ती पाण्यावर डुलक्या मारत चालते. ट्रेलरचा आधार चुकीच्या जागी असेल तर वर्षानुवर्षं उभ्या बोटीचा तळ असा वाकतो, आणि विकणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. तळावरच्या उभ्या कडांच्या रेषेत आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांत लांब तडे आहेत का तेही बघा. दोर बांधायच्या एखाद्या कड्याभोवती जाळीसारखे बारीक तडे असतील तर ते बहुधा जेलकोटपुरते, म्हणजे वरच्या चकचकीत थरापुरते असतात.

इंजिनाकडे जाताना विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी येण्यापूर्वी ते सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळीला, हात लावा. गरम लागलं तर काही तरी झाकलं जातंय असं समजा. थंड इंजिन कसं उठतं, किती धूर टाकतं, हे एकदाच बघायला मिळतं. त्यानंतर सर्व सिलिंडरांची कॉम्प्रेशन चाचणी (प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते) घ्या. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ असणं मोलाचं, साधारण १० टक्क्यांच्या आत. लीकडाउन चाचणी करणारा मेकॅनिक मिळाला तर उत्तमच, कारण हवा नेमकी कुठून निसटते ते त्यात कळतं. तेलकाडीवर दुधट तेल दिसलं तर आत पाणी गेलंय.

बोट समुद्रात वापरली आहे का, आणि इंजिन थेट बाहेरच्या पाण्याने थंड होतं की बंद कूलिंग (आतल्या आत फिरणारं वेगळं कूलंट) आहे, हे विचारा. खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यांना जोडलेले रायझर आतून गंजत जातात, पाच-सहा वर्षांत बदलावे लागतात, आणि ते फुटले तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये उतरतं. शेवटचे कधी बदलले याचं बिल नसेल तर ते बदलायचेच आहेत असं धरून भाव करा. बोट बर्फ पडणाऱ्या प्रदेशातली असेल तर ब्लॉकच्या बाजूंना टॉर्च मारून पाहा. हिवाळ्यात पाणी आतच राहिलं तर गोठून ब्लॉक तडकतो, आणि तो तडा कधी कधी इपॉक्सीने बुजवून वर रंग दिलेला असतो.

किती तास चाललंय यावर लोक फार भर देतात. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत संगणक जोडून चाललेले तास, आणि कुठल्या आरपीएमवर किती तास, हे वाचता येतं. ते जरूर वाचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनावर मात्र फक्त डॅशबोर्डवरचा मीटर असतो, आणि तो कधीही बदलता येतो. दरवर्षी नियमित चाललेलं, नोंदी ठेवलेलं इंजिन मला वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या 'कमी तासांच्या' इंजिनापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. बंद पडून राहिलेल्या बोटीत रबर वाळतं, इंधन खराब होतं, सिलिंडरमध्ये गंज बसतो.

ड्राइव्हचं थोडक्यात: गिअर ऑइल काढून बघा, दुधट असेल तर सील गेलं, स्क्रूच्या चुंबकावर धातूचे मोठे तुकडे असतील तर गिअर गेले. रबरी बेलो, म्हणजे ड्राइव्ह आणि ट्रान्सम यांच्यामधली घडीदार नळी, हाताने दाबून भेगा पाहा. तो फाटला तर पाणी आधी तिथल्या शाफ्टच्या गिंबल बेअरिंगमध्ये जातं आणि पुढे बोटीतही. आउटबोर्ड इंजिनाची बोट मिळाली तर हे बरंच सोपं होतं, इंजिन बाहेर असतं आणि पुढे कधी बदलायचं झालं तरी हलला हात लावावा लागत नाही. मोजक्या पैशांत तो पर्याय मला मनापासून आवडतो, फक्त ट्रान्सम दुप्पट काळजीने तपासा.

पाण्यावर ट्रायल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कंपनीने सांगितलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात पोहोचतं का ते पाहा. खाली अडकलं तर प्रॉपेलर चुकीचा असेल, इंजिन थकलेलं असेल किंवा हल पाणी पिऊन जड झाला असेल. वेग जीपीएसवरच मोजा. विक्रेत्याचा दावा घरबसल्याही तपासता येतो. आरपीएमला गिअर गुणोत्तराने भागा, प्रॉपेलरच्या पिचने (एका फेऱ्यात तो तत्त्वतः किती इंच पुढे जातो त्या आकड्याने) गुणा आणि १०५६ ने भागा, ताशी मैल मिळतात. समजा ४८०० आरपीएम, १.५ गुणोत्तर आणि २३ पिच, तर उत्तर जवळपास ७० येतं. त्यातून दहा-बारा टक्के घसरण वजा केली की ६२ च्या आसपास. अशा बोटीला कोणी ८० सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तसाच भाव द्या.

वेग हळूहळू वाढवा. व्ही तळाची बोट एका टप्प्यानंतर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते, याला चाइन वॉक म्हणतात. झोके वाढत गेले तर बोट हातातून जाते, म्हणून सुरू होताच थ्रॉटल हळुवार कमी करा. बऱ्याचदा मूळ कारण स्टिअरिंगमधली सैलाई असते, आणि ती किनाऱ्यावर चाक हलवूनच कळते. ट्रायलला लाइफ जॅकेट घाला आणि इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी अंगाला बांधा. चालकाकडे ती दोरी नसेल तर बोटीत बसू नका.

ट्रेलरचे टायर दिसायला नवे असले तरी बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बेअरिंग फिरवून आवाज ऐका.

पैशांची वाटणी मी अशी करतो: एकूण रकमेतला किमान एक तृतीयांश भाग बोटीच्या किमतीत धरायचाच नाही. तो पहिल्या वर्षात इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं रबरी चाक), बेलो, बॅटऱ्या, इंधनाच्या नळ्या आणि एखाद्या न दिसलेल्या दुखण्यावर जातो. ही रक्कम बाजूला काढल्यावर २२ फुटीही आवाक्याबाहेर वाटली तर २० फुटी बघा.

आगाऊ रक्कम देण्याआधी दोन कामं उरतात. ट्रान्समच्या उजव्या बाजूला कोरलेला हलचा ओळख क्रमांक कागदपत्रांशी अक्षर न् अक्षर जुळतो का, आणि बोटीवर कर्ज बाकी आहे का, हे पाहा. मग तोच क्रमांक, बोटीचं वय आणि इंजिनाची ताकद घेऊन विमा कंपनीला फोन करा. जुन्या आणि वेगवान बोटींना काही कंपन्या विमा देत नाहीत, काही सर्वेअरचा अहवाल मागतात, आणि पहिल्यांदाच बोट घेणाऱ्याला हप्ता जास्तही पडू शकतो. तो आकडा कळेपर्यंत विक्रेत्याला थांबायला सांगा.