जुलै आला, कथा कुठे आहेत?

प्रिय …,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि जानेवारीतली यादी, दोन्ही समोर ठेवून लिहितोय. बारा कथा, चोवीस पुस्तकं, रोज सकाळी चालणं, लॅपटॉपसाठी दरमहा तीन हजार बाजूला, आणि तळाशी वेगळ्या शाईत ‘दिवाळी अंकात एक तरी कथा’. पत्रात मात्र एकच वाक्य ठसठशीत आहे: ‘सहा महिने वाया गेले.’ गेले की नाही ते आधी मोजू.

रविवारी, 5 जुलैला, दीड तास काढ. आठवणीवर काहीही लिहायचं नाही, कारण आठवणीत फक्त शेवटचे पंधरा दिवस असतात आणि तेच वाईट गेलेले असतात. कथांच्या फोल्डरमधल्या फाइली शेवटच्या बदलाच्या तारखेप्रमाणे लाव. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिही: शब्द किती, हात कधी लागला, शेवट लिहून झालाय का. तू कळवलेले आकडे महिन्यांवर मांडले तर असं दिसतं: जानेवारी 4200, फेब्रुवारी 2600, मार्च 300, एप्रिल शून्य, मे 2400, जून 1500. एकूण 11,000 शब्द, दोन कथा पूर्ण, पाच अर्धवट.

यात आळस कुठे दिसतो? मार्च-एप्रिलमध्ये ऑफिसात मार्च एंड होता, घरी यायला रात्रीचे दहा वाजत होते. ते दोन महिने वगळले तर सतरा आठवड्यांत 10,700 शब्द झाले, म्हणजे आठवड्याला सव्वासहाशेच्या आसपास. हा तुझा खरा वेग. नोकरी करून लिहिणाऱ्यासाठी तो मुळीच कमी नाही. चुकलं ते जानेवारीतलं गणित. महिन्याला एक कथा म्हणताना तू फक्त पहिला खर्डा धरलास. दुसऱ्या खर्ड्याला पहिल्याइतकाच वेळ लागतो, आणि मधे आठ-दहा दिवस कथा डोळ्यांआड ठेवावी लागते, ते दिवस तू धरलेच नाहीस.

आता सगळे करतात ती चूक करू नकोस. उरलेल्या दहा कथा सहा महिन्यांवर वाटायच्या आणि आठवड्याला बाराशे शब्दांचा नवा संकल्प सोडायचा! तो ऑगस्टपर्यंतही टिकत नाही. पावसाने दगा दिला आणि पहिली पेरणी वाया गेली की शेतकरी काय करतो बघ. दुबार पेरणीला तो तेच बियाणं दुप्पट टाकत नाही, उरलेला हंगाम मोजतो. जुलैचा मध्य उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल असं काही घेतो. तुझ्याकडे सव्वीस आठवडे आहेत. गणपती, दिवाळी आणि एखादं आजारपण मिळून चार वजा केले तर बावीस. सहाशेच्या हिशेबाने तेरा हजार शब्द. पुनर्लेखन धरून त्यात तीन कथा नीट होतात. वर्षाअखेर पाच. यादीत ‘बारा’ खोडून ‘पाच’ लिही, आणि शाई तीच वापर.

पण तुझ्या यादीतली तळाची ओळ डिसेंबरपर्यंत थांबणारी नाही. 1909 साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीला संपतं. तुझं अर्धं वर्ष उरलंय, दिवाळी अंकाची वेळ मात्र संपत आलीय. यंदा अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी 21 ऑक्टोबरला होतं, म्हणजे अठरा दिवस पदरात पडले. त्यावर विसंबू नकोस, कारण अंक दिवाळीच्या आधीच स्टॉलवर लागावा लागतो. त्याआधी छपाई-बांधणी, त्याआधी प्रुफं, त्याआधी चित्रकाराला रेखाटनासाठी कथा. बरेच संपादक जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत साहित्य घेतात, काहींचं जूनमध्येच भरतं. गणपतीनंतर येणारी कथा चांगली असली तरी जागा नसते. शेवटच्या आठवड्यात जाहिराती येतात आणि पानं त्या खातात.

म्हणजे तुझ्या हातात सहा आठवडे. त्यात नवी कथा नको. पाच अर्धवटांपैकी एक उचल. कोणती, ते ठरवायला प्रत्येकीसाठी एक वाक्य लिही: कोणाला काय हवंय आणि त्याच्या आड काय येतंय. तुझ्या चार कथा हजार-बाराशे शब्दांवर अडल्या आहेत, हा योगायोग नव्हे. तेवढ्या शब्दांत चाळ, पाऊस, आजीची खोली असं सगळं वातावरण उभं राहतं. मग काहीतरी घडावं लागतं, आणि काय घडणार ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. वाक्य जमलं नाही ती कथा ‘राहू दे’ नावाच्या फोल्डरात टाक. पुसू नकोस. अशा कथांतली एखादी म्हातारी दोन वर्षांनी भलत्याच कथेत कामाला येते.

निवडलेल्या कथेचं वेळापत्रक असं: 6 ते 19 जुलै, आठवड्यातले चार दिवस, दीडशे-दीडशे शब्द, शेवटापर्यंत. वाईट शेवट चालेल, नसलेला चालणार नाही. 20 ते 28 जुलै फाइल उघडायची नाही. मग छापील प्रत काढून मोठ्याने वाच. जिथे श्वास अडखळतो तिथे पेन्सिलीची खूण कर. पहिला परिच्छेद झाकून वाचून बघ, कथा दुसऱ्यापासूनच सुरू होत असेल तर पहिला काप. दहा ऑगस्टला पाठव.

पाठवताना युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ, दोन्ही. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांची रांग होऊन उघडते, आणि संपादक तुला फोन करून विचारत बसत नाही. युनिकोडमधला मजकूरही डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला जातो, तेव्हा रफार आणि जोडाक्षरं हलतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. प्रूफ तुझ्याकडे आलं तर आधी हेच शब्द शोध, मग बाकीचं. ईमेलमध्ये चार ओळी पुरेत: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचं आणि तुझा पत्ता-फोन. कथेमागची प्रेरणा सांगू नकोस.

एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे. दोघांनी छापली तर दोन्हीकडची दारं बंद होतात. वहीत चार रकाने आख: कथा, अंक, तारीख, उत्तर. महिनाभर काही आलं नाही तर एकदाच विचार, नाहीतर लेखी कळवून कथा मागे घे आणि दुसरीकडे दे. ‘साभार परत’ आलं तर तेही त्या रकान्यात जाईल. म्हणूनच यादीतली तळाची ओळही बदल. ‘दिवाळी अंकात एक कथा’ हे संपादकाच्या हातात आहे. ‘10 ऑगस्टला एक कथा पाठवली’ हे तुझ्या.

बाकी यादीचं फार काही नाही. सात पुस्तकं झालीत, चोवीसचा आकडा सोडून दे. हातातलं आवडत नसेल तर पन्नासाव्या पानावर ठेवून द्यायची परवानगी स्वतःला दे, बरीचशी अडगळ त्यानेच निघेल. चालणं पावसाने बंद पडलंय, तर ऑक्टोबरपर्यंत इमारतीचे जिने, वीस मिनिटं. पैशांचं दुखणं सोपं आहे. महिनाअखेर उरेल ते बाजूला टाकायचं म्हणतोस म्हणून उरत नाही. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप कापली जाईल अशी आरडी लाव. तीन हजार जड जात असतील तर दोन.

पुढची बैठक 4 ऑक्टोबरला, रविवारच आहे. त्याआधी, या शनिवारपर्यंत, ती पाच वाक्यं मला पाठव. वहीच्या पानाचा फोटोही चालेल.

तुझा,
काका