बो स्ट्रीट: ठाणे आणि न्यायालय एकाच छपराखाली

प्रश्न: लंडनला मुलीकडे गेलो असताना कॉव्हेंट गार्डनमधील ऑपेरा हाउससमोर एक भव्य दगडी इमारत पाहिली. पूर्वी तेथे पोलीस ठाणे व न्यायालय होते आणि आता हॉटेल आहे, असे समजले. इमारत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील असूनही आपल्या मुंबई उच्च न्यायालयासारख्या टोकदार कमानी तिला नाहीत, असे का? तेथील दिव्यांविषयी सांगितली जाणारी गोष्ट खरी आहे का? आणि सावरकरांना याच इमारतीत हजर केले होते का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: आपण पाहिलेली वास्तू म्हणजे बो स्ट्रीटचे दंडाधिकारी न्यायालय व पोलीस ठाणे. १८७९ ते १८८१ या काळात ती बांधली गेली आणि तिचा आराखडा सरकारी बांधकाम खात्यातील वास्तुविशारद जॉन टेलर यांनी केला. व्हिक्टोरियन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १८७८ साली पूर्ण झालेले मुंबईचे काळ्या दगडातील उच्च न्यायालय, म्हणजेच गॉथिक शैली, उभी राहते; परंतु ते एका राणीच्या कारकिर्दीचे नाव आहे, एका शैलीचे नव्हे. बो स्ट्रीटची इमारत उभी राहत होती त्याच वर्षांत, तेथून थोड्याच अंतरावर स्ट्रँड रस्त्यावर वरिष्ठ न्यायालयांची इमारत मात्र गॉथिक शैलीत बांधली जात होती. टेलर यांनी ग्रीक-रोमन परंपरेचा आधार घेतला, आणि समोर १८५८ सालच्या ऑपेरा हाउसचे कॉरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले ग्रीक-रोमन धाटणीचे स्तंभ असताना ती निवड मला योग्यच वाटते. तळमजल्याच्या चिऱ्यांमधील सांधे मुद्दाम खोल ठेवल्यामुळे इमारतीचा पाया जड व अभेद्य भासतो. दगड पोर्टलंडचा, म्हणजे फिकट पांढरा चुनखडक आहे. पावसाचा मारा बसतो तेथे तो धुऊन उजळतो, आणि आडोशाच्या भागांवर धुराची काजळी साचून तो काळवंडतो. लंडनच्या जुन्या इमारतींवर दिसणारी काळ्या-पांढऱ्याची ती रेखीव छटा रंगाची नसून हवेची व पावसाची असते.

दर्शनी भागापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती आतील रचना. त्या काळी अशा न्यायालयांना ‘पोलीस कोर्ट’ असेच म्हणत, आणि या इमारतीत ते नाव शब्दशः खरे होते. रात्री पकडलेल्या माणसाची ठाण्यात नोंद होई, त्याला कोठडीत ठेवले जाई, आणि सकाळी आतल्याच मार्गाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाई. मधल्या काळात त्याचा पाय रस्त्याला लागत नसे. पोलिसांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. मात्र ज्यांनी अटक केली आणि ज्यांनी त्या अटकेचा न्याय करायचा, त्यांच्यामध्ये अंतर किती, तर एका बोळाचे, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. वास्तुकलेचे मोजमाप करताना शिल्पकामाइतकाच हा बोळही पाहिला पाहिजे.

दिव्यांची गोष्ट अशी. लंडनच्या ठाण्यांवर १८६१ पासून निळे दिवे लागू लागले. बो स्ट्रीटवर मात्र पांढरे दिवे होते, आणि ते खरोखरच वेगळेपण होते. राणीचे पती अल्बर्ट यांचे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विंडसरच्या ‘निळ्या खोली’त निधन झाले असल्याने ऑपेराला येणाऱ्या राणीला निळा दिवा सहन होईना, असे त्याचे कारण सांगतात. परंतु पतीच्या निधनानंतर राणीने सार्वजनिक नाट्यगृहांत जाणेच सोडले होते. त्यामुळे दिवे पांढरे होते हे खरे मानावे, कारण मात्र दंतकथा समजावी.

सावरकरांविषयीचा आपला समज बरोबर आहे. परदेशांच्या वा वसाहतींच्या स्वाधीन करावयाच्या आरोपींची प्रकरणे बो स्ट्रीटच्या मुख्य दंडाधिकाऱ्यांपुढे चालत. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाल्यानंतर सावरकरांचे प्रकरण म्हणूनच येथे आले. त्यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते, आणि हिंदुस्थानात पाठवण्याचा आदेश मुख्य दंडाधिकारी सर आल्बर्ट डी रुट्झेन यांनी याच न्यायालयात दिला. १ जुलैला निघालेल्या ‘मोरिया’ बोटीचा आणि ८ जुलैच्या मार्सेय येथील उडीचा इतिहास आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. त्याआधीचा हा दगडी मुक्काम मात्र सहसा सांगितला जात नाही. १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड आणि १९०८ मध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट हेही याच पिंजऱ्यात उभे राहिले होते.

पोलीस ठाणे १९९२ मध्ये आणि न्यायालय १४ जुलै २००६ रोजी बंद झाले. २०२१ मध्ये हॉटेल सुरू झाले, आणि त्याच वर्षी इमारतीच्या एका भागात छोटे पोलीस संग्रहालयही उघडले. पुढच्या खेपेस आपण हॉटेलच्या दाराऐवजी संग्रहालयाच्या दाराने आत जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुन्या कोठड्या तेथे जपून ठेवल्या आहेत आणि त्यांत आत जाऊन उभे राहता येते.