उत्तर: फ्रायबुर्गचं जंगल, दोन मीटरचा नियम आणि तुमचा पिवळा लिफाफा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ठणकलं. मास्टर्ससाठी जर्मनीत फ्रायबुर्गला आलात, सेकंडहँड माउंटन बाइक घेतलीत, ॲपने दाखवलेल्या वाटेने रोसकोप डोंगराच्या पलीकडे उतरलात, खाली वनखात्याच्या माणसाने नाव-पत्ता लिहून घेतला आणि आता दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवल्याबद्दल दंडाची नोटीस असलेला पिवळा लिफाफा घरी आला आहे. तुमच्या मते ती वाट एका कार्यालयाच्या छापील नकाशावरही होती. त्या कार्यालयाला ईमेल केली आहे, "आम्ही बघून कळवतो" असं उत्तर आलंय, आणि आता तुम्ही विचारताय की तोवर थांबू का.

थांबू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आज करा.

पिवळ्या लिफाफ्यावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायची, म्हणजे आइनश्प्रुखची, मुदत त्या तारखेपासून दोन आठवडे असते. तुम्ही पाकीट कधी उघडलंत याला काही महत्त्व नाही. पेटीत पडलं की पोचलं, मग तुम्ही गावाला का गेला असेनात. म्हणून आतलं पत्र जपाच, पण लिफाफाही टाकू नका. लोक नेमका तोच फाडून कचऱ्यात टाकतात.

हरकतीला कारण लिहावं लागत नाही. नोटिशीवरचा क्रमांक, तुमचं नाव, "मी या नोटिशीवर हरकत घेतो" एवढं एक वाक्य जर्मनमध्ये, आणि खाली सही. पाठवायची ती नोटीस काढणाऱ्या कार्यालयालाच, दुसऱ्या कोणाला नाही. साधी ईमेल पुरेल असं धरून चालू नका. सही केलेलं पत्र रजिस्टरने पाठवा, नाहीतर फॅक्स करून पोच ठेवा. हो, फॅक्स. इथे तो अजून जिवंत आहे. स्वतः जाऊन त्यांच्याकडे तोंडी नोंदवलेली हरकतही चालते. नंतर मन बदललं तर ती मागे घेता येते, पण मुदत गेली की विषय संपला.

मी वकील नाही, हे आत्ताच सांगतो. मी सांगतोय ते माझ्या अनुभवावरून आणि नंतर डोकं खाजवत वाचलेल्या कायद्यावरून. विद्यार्थी आहात, तर विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर सल्ल्याची सोय आहे का ते विचारा. बऱ्याच विद्यापीठांच्या गावांत ती असते, आणि खाजगी वकिलापेक्षा फार स्वस्त पडते.

आता माझं काय झालं ते. मी एका कार्यालयाच्या काउंटरवरून घडीचा नकाशा घेतला होता. कोणतं कार्यालय ते विचारू नका, सांगणार नाही. त्यावर एका रेषेशेजारी सायकलचं चित्र छापलेलं होतं. वर खडीचा रुंद रस्ता, लाकडाचे ट्रक जातील असा. मधेच तो डोंगराच्या कडेने अरुंद झाला, पुन्हा रुंद झाला, आणि खाली एक शांत, अतिशय सभ्य वनरक्षक उभा होता. त्याच्याशी माझं भांडण नाही. नियम त्याने बनवला नव्हता आणि नकाशाही त्याने छापला नव्हता.

आधी खुलाशाचं पत्र आलं. (तुम्हालाही आलं असेल. त्यात नाव-पत्ता खरा द्यावा लागतो, पण घटनेबद्दल काही लिहायलाच हवं अशी सक्ती नसते.) मी नकाशाचा फोटो जोडून पाठवला. तरी नोटीस आली. मग मी नकाशा देणाऱ्या कार्यालयाला लिहिलं की तुमच्याच कागदामुळे मी तिथे गेलो, निदान तसं दोन ओळीत लिहून द्या. त्यांचं उत्तर आलं: प्रकरण तपासतो आहोत, कृपया तोपर्यंत पुढे काही करू नये. सरकारी लेटरहेडवर, खाली सही, शिक्का. असा कागद हातात आल्यावर माणूस थांबतो.

त्यानंतर संबंधित बाई रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी कळवलं की ती वाट आमच्याकडे येत नाही, शेजारच्या विभागाकडे येते. शेजारच्या विभागाने कळवलं की वाट आमची आहे, पण नकाशा आमचा नाही. परत पहिल्यांकडे गेलो तर उत्तर मिळालं की नकाशा केवळ दिशादर्शक आहे आणि तसं मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. ते खरंच लिहिलेलं होतं. भिंग लागलं, पण होतं. तोवर दोन आठवडे उलटून गेले होते.

मुदत पुन्हा सुरू करून मिळावी असा अर्ज करता येतो. तुमची चूक नसताना मुदत हुकली असेल तरच, आणि अडचण दूर झाल्यापासून एका आठवड्यात. मी वकिलामार्फत तो केला. नाकारला गेला, कारण "थांबा" म्हणणारं कार्यालय वेगळं आणि नोटीस काढणारं वेगळं. एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला बांधत नाही. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त झाली. शिवाय दंडाच्या रकमेवर 25 युरो शुल्क आणि 3.50 युरो टपालखर्च लागतात, ते तुमच्याही नोटिशीच्या खाली दिसतील.

म्हणून सांगतो, क्रम उलटा करू नका. आधी हरकत, मग पत्रव्यवहार. "बघून कळवतो" म्हणणारा माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या उत्तराने तुमचं घड्याळ थांबत नाही. इथल्या कार्यालयांत कोणी मुद्दाम त्रास देत नाही हे मला मान्य आहे. पण आपल्या टेबलाच्या कडेपलीकडे काय होतंय याची जबाबदारीही कोणी घेत नाही. असो, पुन्हा रक्तदाब वाढवून घ्यायचा नाही.

नियमाबद्दल थोडं. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे त्याच्या, वनकायद्यात दोन मीटरपेक्षा कमी रुंद वाटांवर सायकल चालवायला मनाई आहे. परवानगीने अपवाद होऊ शकतात. दोन मीटर नेमके कुठून कुठे मोजायचे, कडेचं गवत आणि मुळं त्यात धरायची की नाही, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे, पण तो वाद जंगलात उभं राहून वनरक्षकाशी घालू नका. हा नियम 1995 पासूनचा. आणि गंमत बघा, त्याच 1995 मध्ये माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली ती किर्खत्सार्टनला, म्हणजे फ्रायबुर्गहून लोकल ट्रेनने जरासं गेलं की येणाऱ्या गावात. जगभरचे स्पर्धक बोलावले आणि त्याच वर्षी घरच्या पोरांना पायवाट बंद केली.

शेजारच्या हेसन राज्यात 2012 मध्ये असाच मसुदा आला होता. तिथे इतकी ओरड झाली की तो मागे घेतला. बायर्न (बव्हेरिया) राज्यात मीटरचा आकडा नाही, वाट सायकलला योग्य आहे का एवढंच बघतात. आपल्या राज्यात 2013 च्या सुमारास पन्नास हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन गेलं, तरी नियम राहिला. माझं मत विचाराल तर रुंदीवरून वाट तोलणं हा आळशीपणा आहे. खडीच्या चार मीटर रुंद उतारावर वेगाने येणारा सायकलवाला चालणाऱ्यांना जास्त धोकादायक असतो. अरुंद, मुळांच्या वाटेवर तो आपोआप हळू होतो. पण माझ्या मताने दंड माफ होत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ होती, "ॲपवर एस-1 लिहिलं होतं म्हणजे सोपी आणि चालते ना?" यात दोन वेगळे प्रश्न आहेत. एस-0 ते एस-5 ही श्रेणी फक्त अवघडपणाची आहे. मुळं किती, पायऱ्या किती, वळणं किती तीव्र, एवढंच ती सांगते. परवानगीबद्दल ती काहीच बोलत नाही. ॲपवरच्या त्या लालभडक रेषांचंही तसंच. तिथून पुष्कळ लोक गेले एवढंच त्यातून कळतं. आणि लाकूड ओढण्यासाठी झाडांमधून काढलेल्या रुंद पट्ट्या असतात ना, त्या वाट म्हणून धरू नका. रुंदी मापात असली तरी तिथे सायकल घालू नका. माती आधीच यंत्रांनी दाबलेली असते, पावसात त्यात चाक अर्धं बुडतं.

मग चालवायची कुठे? फ्रायबुर्गमध्ये राहून ही तक्रार करायला लाज वाटावी इतकं आहे. शहराच्या हद्दीतला सखल भाग दोनशे मीटरच्या आत आणि शाउइन्सलांडचा माथा 1284 मीटर, तोही शहराच्याच हद्दीत. शहराचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जंगल. जर्मनीतलं सगळ्यात उंच झाड म्हणून ओळखली जाणारी सुमारे 67 मीटरची डग्लस फरही याच जंगलात उभी आहे. पहिल्याच महिन्यात जाऊन बघा, फक्त सायकल खाली लावून चालत जा.

इथल्या सायकलस्वारांच्या संस्थेने, माउंटनबाइक फ्रायबुर्गने, परवानगी काढून काही ट्रेल बांधले आहेत. रोसकोपवरचे कॅनेडियन आणि बॉर्डरलाइन, शाउइन्सलांडच्या बाजूला बॅडिश मून रायझिंग. या वाटा अरुंद आहेत आणि तरी कायदेशीर आहेत, हाच तो अपवाद. सुरुवात तिथूनच करा. फावडी घेऊन त्यांची डागडुजी करणारी माणसं फुकट राबतात, तेव्हा जमलं तर सभासद व्हा, नाहीतर कामाच्या दिवशी दोन तास द्या. कुठली वाट कोणाच्या मालकीची, कुठे शहराचं जंगल संपतं, कुठे राज्याचं सुरू होतं आणि मधेच कोणाचं खाजगी आहे, हे तिथे फावडं मारताना जेवढं कळतं तेवढं मला कोणत्याही काउंटरवर कळलं नाही. झाडतोडीची लाल-पांढरी पट्टी लावलेली दिसली तर मात्र ट्रेल कायदेशीर असला तरी परत फिरा. रविवारी यंत्र बंद असलं तरीही. अर्धवट कापलेलं झाड कधी पडेल याला वार नसतो.

नुसता उतारच हवा असेल तर टोड्टनाऊला जा. तिथे लिफ्टने वर नेतात, बाइक पार्क आहे, आणि तिथे कोणी तुमची वाट मोजत बसत नाही. सेकंडहँड बाइकने पहिल्याच दिवशी तिथे उडी मारू नका एवढंच. ब्रेकच्या पट्ट्या आधी बघा.

टायर, सस्पेन्शन वगैरेंवर इथे इतरांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात पडत नाही. पण कोणी सांगत नाही अशा दोन-तीन गोष्टी. पहिली, गोचीड. इथला सगळा पट्टा गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीचा आहे. लस आहे, पूर्ण व्हायला तीन डोस लागतात, तेव्हा वसंत ऋतूची वाट न बघता हिवाळ्यातच डॉक्टरांना विचारा. लाइम नावाचा दुसरा आजारही गोचिडीतूनच होतो आणि त्याला ही लस चालत नाही, म्हणून घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत बघायची सवय लावा. दुसरी, खाजगी दायित्वाचा विमा. चालणाऱ्या आजोबांना धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाते आणि तिला वरची मर्यादा नाही. वर्षाचा हप्ता त्या मानाने किरकोळ असतो. तिसरी, जंगलात ठिकठिकाणी क्रमांक लिहिलेले बचावबिंदूचे फलक असतात. पडलात तर 112 ला "मोठ्या झाडाजवळ" सांगण्यापेक्षा तो क्रमांक सांगा. जाताना दिसेल त्या फलकाचा फोटो काढत जा.

आणि घंटी लावा. रस्त्यावर ती कायद्याने लागतेच, पण जंगलात तिचा उपयोग जास्त आहे. लांबून एकदा वाजवा, वेग मोडा, "मॉर्गन" (सुप्रभात) म्हणा. कपाळाला आठ्या घातलेला माणूससुद्धा बाजूला होतो. अंधार पडायच्या वेळेला मात्र जंगलात राहू नका. हरणं त्याच वेळी बाहेर पडतात, आणि शरद ऋतूत शिकारीसाठी वाटा बंद केल्याचे फलकही लागतात. ते फलक जर्मनमध्येच असतात, तेव्हा एकदा वाचायला शिकून घ्या.

हरकत पाठवल्यावर काय होतं ते प्रकरणाप्रमाणे बदलतं. कधी कार्यालय स्वतःच मागे घेतं, कधी न्यायालयाकडे जातं आणि मग खर्चही वाढू शकतो. तिथवर गेलं तर लढायचं की भरून टाकायचं हे सल्ला घेऊन ठरवा. नकाशाची ती आवृत्ती आणि त्यांची ईमेल दोन्ही छापून ठेवा. ईमेल पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव इथे उघड लिहू नका, पण नोटीस काढणारं कार्यालय आणि नकाशा देणारं कार्यालय एकच आहे की वेगळं, तेवढं कळवा. एकच असेल तर तुमची बाजू माझ्यापेक्षा बरीच भक्कम आहे.