‘कूपर ब्लॅक’मधला ब्लॅक

प्रश्न असा आहे: ‘कूपर ब्लॅक’ या टाइपाच्या, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणाच्या, नावात ‘ब्लॅक’ का? त्याचा ब्लॅकलेटरशी संबंध आहे का? आणि इतकी गोल अक्षरं असूनही त्याला सेरिफ का म्हणतात?

ब्लॅकलेटरशी संबंध नाही. ब्लॅकलेटर म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलातली टोकदार, दाटीवाटीची लिपीशैली. टाइपाच्या नावाला शेवटी जोडलेला ‘ब्लॅक’ मात्र जाडी सांगतो. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा चढत्या क्रमात तो बोल्डच्याही पुढे येतो. कागद किती झाकला जातो, त्याचं ते माप. हा टाइप लाल शाईत छापला तरी ब्लॅकच राहतो. म्हणून मराठीत मी ‘काळा’ न म्हणता ‘अतिठळक’ म्हणेन.

शिकागोच्या ऑझवल्ड कूपरने हा टाइप बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या छपाईचे टाइप ओतणाऱ्या ओतशाळेसाठी केला. तो 1922 मध्ये बाजारात आला. कूपर जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढणारा माणूस होता, आणि ते टाइपात दिसतं. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही, असं त्याचं वर्णन कूपरच्याच नावावर सांगितलं जातं.

आता सेरिफ. अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जे छोटं आडवं पाऊल असतं, ते सेरिफ. ‘टाइम्स’ या नेहमीच्या टाइपात ते बारीक आणि धारदार दिसतं. कूपर ब्लॅकमध्ये ते आहेच, फक्त दांड्याइतकंच गुबगुबीत होऊन त्यात मिसळलंय. रोमन ‘एच’ किंवा ‘एन’ मोठा करून पाहा: पावलं स्पष्ट आहेत, पण त्यांचा तळ सपाट नाही. या अक्षरांना सरळ कडाच जवळजवळ नाहीत. ‘ओ’च्या आतली पोकळी लहान आणि डावीकडे कललेली, लेखणी तिरकी धरल्यासारखी. हा कल मला या टाइपाचा जीव वाटतो. तो काढून टाकला तर उरतील नुसती फुगीर अक्षरं.

कड गोल असल्याचा व्यवहारी फायदाही आहे. एखादं अक्षर किंचित वरखाली बसलं तरी खटकत नाही, कारण तुलना करायला खाली सरळ रेघच नसते. 1970च्या दशकात टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायच्या अक्षरांत हा टाइप इतका चालला, त्यात या सोशिकपणाचा वाटा असावा. त्याआधी 1966 मध्ये बीच बॉइज या बँडच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या वेष्टनावर तो आला, इझीजेट या विमान कंपनीच्या विमानांवर आजही आहे. जाड असून दरडावत नाही, म्हणून तो दुकानाची पाटी, खाऊचं वेष्टन, मुलांचं पुस्तक यांना शोभतो. परिच्छेद मात्र त्यात कधीच लावू नये. लहान आकारात पोकळ्या बुजतात आणि ओळ डागासारखी दिसते.

देवनागरीत असं काही हवं असेल, तर शिरोरेषेला सेरिफ समजून तिला पावलं फोडू नका. शिरोरेषा अक्षराचा भाग आहे. सेरिफ टोकाची घडण आहे. शिवाय आपल्याकडे ‘क्ष’, ‘ख’, ‘द्ध’ यांतल्या पोकळ्या आधीच अरुंद असतात, त्यामुळे रोमनइतकी जाडी आपली अक्षरं पेलत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टाइप घडवणाऱ्या संस्थेने केलेला ‘बलू’ हा टाइप सेरिफ नाही, पण गोलाई आणि जाडी पोकळ्या न बुजवता कशी साधायची हे त्यात नीट पाहता येतं.