लहान मुलांसह परदेशवारी: आत्ता कर्ज काढून, की वर्षभराने स्वतःच्या पैशाने?

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमच्या पत्रातली परिस्थिती मांडतो. मोठी मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा एकोणीस महिन्यांचा. तो दोन वर्षांचा व्हायच्या आत बारा दिवस युरोपात जाऊन यायचं तुमच्या मनात आहे, कारण दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं तिकीट अगदी स्वस्तात पडतं. सहलीचा एकूण खर्च तुमच्या घरच्या तीन महिन्यांच्या खर्चाइतका. त्यातला निम्मा आपत्कालीन निधीतून काढायचा आणि निम्म्यासाठी वर्षभराचं पर्सनल लोन घ्यायचं, व्याज १५ टक्के. आपत्कालीन निधी आज पाच महिने पुरेल एवढा आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: तुम्ही सध्या बिनपगारी रजेवर आहात, चार महिन्यांनी कामावर रुजू व्हायचं आहे, तोवर घर मिस्टरांच्या एकट्याच्या पगारावर चालतं आणि महिनाअखेर जेमतेम दोन दिवसांच्या खर्चाएवढे पैसे उरतात.

माझं मत: जरूर जा, पण साधारण अकरा महिन्यांनी आणि कर्ज न काढता.

तिकिटाचा तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात दोन वर्षांखालच्या, मांडीवर बसणाऱ्या बाळाचं भाडं बऱ्याच विमान कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के धरतात. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. तिचं भाडं अनेक ठिकाणी मोठ्यांच्या ७५ टक्क्यांच्या आसपास असतं, स्वस्त विमान कंपन्यांत बहुतेकदा पूर्ण. मोठ्यांचं एक तिकीट म्हणजे १ धरलं, तर आज तुम्हा चौघांचं भाडं २.८५ होतं. धाकटा दोनचा झाला की तेच ३.५ होईल, म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ. तुमच्या अंदाजात विमानभाडं एकूण खर्चाच्या निम्मं आहे, त्यामुळे सहल ११ ते १२ टक्क्यांनी महागेल. तुमच्या घराच्या हिशेबात हे सुमारे दहा दिवसांच्या खर्चाइतके पैसे झाले.

आता कर्ज. दीड महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम १५ टक्क्यांनी बारा महिन्यांसाठी घेतली, तर एकूण व्याज मुद्दलाच्या ८.३ टक्के होतं, म्हणजे चार दिवसांचा खर्च. दहा दिवस वाचवायला चार दिवस मोजायचे. नुसत्या बेरीज-वजाबाकीत तुम्ही बरोबर आहात, आणि कर्ज काढून फिरणं वाईटच असं ठोकून देऊन मी तुमचा हिशेब खोडणार नाही. एक मात्र बघा. हा १५ टक्के दर घटत्या शिलकीवरचा, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावरच लागणारा आहे ना, हे कर्ज देणाऱ्याकडून लेखी घ्या. १० टक्के फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) असं सांगून दिलेलं वर्षभराचं कर्ज घटत्या शिलकीच्या हिशेबाने १८ टक्क्यांचं असतं. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी.

खरी अडचण हप्त्याची आहे. तो दरमहा चार दिवसांच्या खर्चाएवढा येईल. तुमच्याकडे उरतात दोन दिवसांचे पैसे. बुकिंग आत्ता करायचं म्हणजे हप्ताही आत्तापासून सुरू, त्यामुळे तुम्ही रुजू होईपर्यंत दर महिन्याला दोन दिवसांची तूट पडणार. ती भरणार कशातून? त्याच आपत्कालीन निधीतून, ज्यातून दीड महिन्याची रक्कम सहलीसाठी आधीच गेलेली असेल.

कागदावर निधी साडेतीन महिन्यांचा उरतो. पण निधीची ताकद मोजताना त्या काळात भरावे लागणारे हप्तेही खर्चात धरायचे असतात. मिस्टरांचा पगार काही कारणाने थांबला, तर घरखर्च आणि हप्ता मिळून हा निधी जेमतेम तीन महिने टिकेल. दोन लहान मुलं, एकच पगार आणि तीन महिन्यांचा आधार, ही स्थिती मला तुमच्यासाठी नको आहे. तुमच्या घराच्या आजवरच्या वाटचालीत निधीची सर्वांत जास्त गरज भासावी असे हेच चार महिने आहेत. रुजू व्हायची तारीख महिना-दोन महिने पुढे गेली, धाकट्याला पाळणाघर मानवलं नाही, तो सारखा आजारी पडू लागला आणि तुम्हाला रजा वाढवावी लागली, हे सगळं लहान मुलांच्या घरात नेहमी घडतं. त्यासाठी कुणाचं नशीब फुटावं लागत नाही.

मुलीच्या शिक्षणासाठी चाललेली एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) वर्षभर थांबवून कर्ज टाळावं का, असंही तुम्ही विचारलंय. कर्ज आणि निधीला हात लावणं यापेक्षा तो मार्ग कमी धोक्याचा आहे, हे मान्य. पण तिच्या कॉलेजला तेरा वर्षं आहेत. वार्षिक परतावा १० टक्के धरला तर आज न भरलेला एक रुपया तेव्हा सुमारे साडेतीन रुपयांची उणीव दाखवेल. आणि थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू करायला घरात कधीच योग्य महिना सापडत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. थांबून काम होत असेल तर तिला हात लावू नका.

थांबून काम होतंय का ते पाहू. तुमचा पगार घरखर्चाच्या ७० टक्के असेल आणि पाळणाघराला २० टक्के जातील, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दरमहा अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला पडेल. महागलेली सहल तीन महिने दहा दिवसांच्या खर्चाची. सात महिन्यांत ती पुरी होते. आजचे चार धरून अकरा महिने. तेव्हा धाकटा अडीच वर्षांचा असेल आणि मोठी साडेपाचच्या जरा आत. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाला, सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५ युरो पडतात. म्हणजे थांबूनही दोन्ही मुलांची व्हिसा फी माफच राहते.

दुसरी सवलत याहून मोठी आहे आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखच केलेला नाही. तुमच्या मुलांना अजून परीक्षांचं वेळापत्रक नाही. शाळांना सुट्टी लागली की विमानभाडं आणि हॉटेलं दोन्ही चढतात, आणि शाळकरी मुलांच्या आईवडिलांना ते मुकाट मोजावं लागतं. तुम्ही अजून ऐन गर्दीचे आठवडे टाळू शकता. ही मोकळीक अकरा महिन्यांनीही टिकलेली असेल, नंतर मात्र फार काळ नाही. त्यामुळे प्रवासाची तारीख धाकट्याच्या वाढदिवसाऐवजी गर्दी नसलेला महिना बघून ठरवा. ते दहा दिवसांचे पैसे बऱ्याच अंशी तिथेच भरून निघण्याची शक्यता आहे.

स्वस्त तिकिटात नेमकं काय मिळतं तेही डोळ्यासमोर आणा. आत्ताच्या बेताप्रमाणे गेलात तर प्रवासाच्या वेळी धाकटा तेवीस महिन्यांचा, वजन बारा किलोच्या घरात. विमानात भिंतीला लावतात तो पाळणा सहसा दहा-अकरा किलोंपर्यंतच चालतो आणि तोही ठरावीक रांगेतच. म्हणजे लांबच्या रात्रीच्या प्रवासात हे चालतं-पळतं मूल तुमच्या मांडीवर, जेवणाचा ट्रे उघडायला जागा नाही, आणि त्याला झोप लागली की तुमचा हात अडकलेला. त्यातून परतीचं विमान काही कारणाने वाढदिवसाच्या पलीकडे गेलं तर त्याच्यासाठी सीट घ्यावीच लागते, आणि तुमच्या बेतात मधे जेमतेम एक आठवडा आहे. अडीच वर्षांच्या मुलाला स्वतःची खिडकी मिळणं ही मला उधळपट्टी वाटत नाही.

‘दोघंही थकलोय, थोडा श्वास घ्यायचाय’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. पैशांच्या सल्ल्यात याला जागा नाही असं समजू नका. ही गरज आजची आहे, तिला अकरा महिने ताटकळत ठेवू नका. निधीतून एका आठवड्याच्या खर्चाएवढी रक्कम काढा आणि जवळच, दोन-तीन तासांच्या अंतरावर, चार दिवस जाऊन या. महिन्याला उरणाऱ्या दोन दिवसांच्या पैशांतून ती रक्कम तुम्ही रुजू होईपर्यंत भरूनही निघेल.

मोठ्या सहलीचा आराखडाही थोडा आवळा. बारा दिवसांत दोन देश आणि पाच मुक्काम म्हणजे मुलांच्या झोपेचे पाच वेळा हाल आणि सामान पाच वेळा बांधणं. एकाच देशात दोन मुक्काम ठेवा, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन असलेलं घर भाड्याने घ्या. खर्च उतरेल, आणि मुलं दुपारी झोपली तरी दिवस वाया गेला असं वाटणार नाही. अंदाजपत्रकात पाच ते दहा टक्के चलनाच्या चढउतारासाठी ठेवा. तिथे कार्ड वापरताना मशीनवर ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे देणार का’ असं आलं तर नाही म्हणा. तो विनिमय दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

विम्यात कंजूषी नको. शेंगेन व्हिसासाठी वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतंच, पण तुम्हाला त्याहून जास्त उपयोग सहल रद्द करण्याच्या संरक्षणाचा होईल, कारण निघायच्या आदल्या रात्री मुलाला ताप येऊ शकतो. हा विमा बुकिंगच्या दिवशीच घ्या आणि मुलाच्या आजारपणासाठी रद्द केल्यास पैसे मिळतात का, ते पॉलिसीत स्वतः वाचा.

आता लगेच करायच्या दोन गोष्टी. रुजू होण्याची तारीख कार्यालयाकडून लेखी घ्या. मुलांच्या पासपोर्टची मुदतही तपासा, कारण शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने तो वैध असावा लागतो आणि लहान मुलांचे पासपोर्ट बहुधा कमी मुदतीचे असतात. पहिला पगार झाला की सहलीसाठी वेगळं खातं उघडा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.