थिनरच्या जागी पाणी ओतले की झाले?

चिपळूणहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी बारावी झाली असून तिला सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजी, म्हणजे रंग आणि लेप बनवण्याचे तंत्र, शिकायची आहे. वडिलांनी मात्र ऑप्शन फॉर्ममध्ये सगळे पर्याय कॉम्प्युटरचे भरले आहेत. ‘पाण्याचा रंग म्हणजे थिनरच्या जागी पाणी ओतायचे, त्यासाठी चार वर्षे इंजिनीअरिंग कशाला?’ असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

मुलीच्या गुणांची मला काळजी वाटली नाही. ‘तिचा पासवर्ड माझ्याकडेच असतो’ हे तुमचे वाक्य वाचून मात्र वाटली. दोन पानी पत्रात ‘आम्ही ठरवले’ चार वेळा येते, ‘ती म्हणाली’ एकदाही नाही. ‘लोक तिला रंगारीण म्हणतील’ यात रंगाऱ्याचा जो अपमान आहे तो तूर्त बाजूला ठेवतो. पण ज्या लोकांच्या भीतीने तुम्ही फॉर्म भरलात, त्यांच्यापैकी कोणी पुढची चार वर्षे तिच्याऐवजी वर्गात बसणार नाही. तो फॉर्म मुदतीआधी तिच्या हाती द्या.

आता पाण्याविषयी. थिनरच्या रंगात रेझिन, म्हणजे रंगाचा थर बनवणारा चिकट पदार्थ, विरघळलेले असते, त्यामुळे थिनर उडाला की सलग थर उरतो. पाण्याच्या रंगात, म्हणजे इमल्शनमध्ये, पॉलिमरचे (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात नुसते पसरलेले असतात, आणि पाणी उडाल्यावर ते एकमेकांत दबून एकजीव झाले तरच थर बनतो. ते तेवढ्यापुरते मऊ व्हावेत म्हणून एक द्रावक घालतात, आणि नेमका तोच पुढे हळूहळू हवेत उडून व्हीओसीत, म्हणजे हवेत मिसळणाऱ्या सेंद्रिय वाफांत, भर घालतो. तो नुसता काढून टाकला तर थंडीत रंगाला भेगा पडतात. त्याऐवजी मुळातच मऊ पॉलिमर घेतला तर दार चौकटीला चिकटते आणि भिंत धूळ धरते. युरोपीय संघात घरातल्या मॅट भिंतींच्या पाण्याच्या रंगाला २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅम व्हीओसीची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात राहून घासून पुसता येणारा रंग बनवणे हे पाणी ओतण्याचे काम नव्हे. लोखंडावर तर थर ओला असतानाच खालून गंज उमटतो, आणि तुमच्याकडच्या दमट हवेत पाणी उडायला वेळ लागत असल्याने त्याला जास्तच सवड मिळते.

माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) हा विषय बी.टेक.ला आहे, वाट मुख्यतः एमएचटी-सीईटीची, जागा मोजक्या. तिथे जमले नाही तर रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे वळता येते.

मुलीलाही एक स्पष्ट सांगतो. या कामात एकच फॉर्म्युला अर्धा टक्का इकडेतिकडे करून तीस वेळा बनवावा लागतो, गंज किती लवकर धरतो हे पाहायला नमुने मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात शेकडो तास ठेवून वाट पाहावी लागते, आणि सुरुवातीचा पगार मित्रमैत्रिणींना अभिमानाने सांगण्यासारखा असेलच असे नाही. ज्याला याचा कंटाळा येईल त्याने इकडे फिरकू नये.

तिला कंटाळा येणार नाही, असे मला तुमच्याच पत्रावरून वाटते. पत्र्याच्या तीन पट्ट्यांना वेगवेगळे रंग लावून तिने त्या पावसाळाभर गच्चीवर टांगल्या, हे तुम्ही ‘नसते उद्योग’ म्हणून लिहिले आहे. पट्ट्या टाकून दिल्या नसाल तर तिसरीचा रंग कडेने सुटला की मधोमध फोड येऊन, एवढे तिला पाहायला सांगा. उत्तर तिने मला स्वतः लिहावे.