लहान खोलीत वजनाच्या व्यायामासाठी काय घ्यावे, आणि फुकट मिळणाऱ्या जुन्या प्लेट घ्याव्यात का?

आठ बाय दहा फुटांच्या खोलीत वजनाच्या व्यायामासाठी मल्टिजिम (कप्प्या आणि वजने एकाच सांगाड्यात असलेले यंत्र) घ्यावे, डंबेल घ्यावेत की रॉड आणि रॅक (रॉड टेकवायची खांबांची चौकट), असा आपला प्रश्न आहे. आणि एक नातेवाईक त्यांच्याकडच्या जुन्या प्लेट फुकट द्यायला तयार आहेत, हे आपण शेवटी सहज आठवल्यासारखे जोडले आहे. पहिल्या भागाचे उत्तर द्यायला पुष्कळ जण पुढे येतील. मी लिहायला बसलो तो त्या शेवटच्या वाक्यामुळे, कारण असाच एक फुकटचा ढीग नऊ वर्षांपूर्वी माझ्या घरी आला आणि पुढे माझ्या खोलीत कोणते साहित्य यावे आणि कोणते येऊ नये, हे बराच काळ त्या ढिगानेच ठरवले.

त्या प्लेट माझ्या थोरल्या भावाच्या होत्या. १० किलोच्या चार, ५ किलोच्या चार आणि अडीच किलोच्या चार, असे एकूण ७० किलो बिडाचे लोखंड दादाने स्वतः उचलून आणून माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवले. मला रॉड, रॅक आणि प्लेट असा सगळा संच एकदमच घ्यायचा होता आणि त्यासाठी मी पैसेही बाजूला ठेवले होते. पण दादा म्हणाला, “लोखंड काय शिळं होतं का? फक्त एक रॉड घे आणि सुरू कर.” या युक्तिवादाला त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आता आहे, आणि ते भोकात आहे.

रॉड आणि प्लेट यांची दोन घराणी आहेत. स्पर्धेत वापरला जाणारा पुरुषांचा रॉड २० किलो वजनाचा आणि २.२ मीटर लांबीचा असतो. त्याची पकड २८ मिलिमीटर जाडीची असते, पण प्लेट जिथे चढवायच्या ती टोके ५० मिलिमीटर व्यासाची असून ती पकडीपासून स्वतंत्रपणे फिरतात. दुसरे घराणे बारीक रॉडचे आहे. त्याला बोलीत सरसकट ‘एक इंची’ म्हणतात. प्रत्यक्षात मात्र त्याचा आणि त्याच्या प्लेटच्या भोकांचा व्यास निर्मात्यागणिक २५ ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान काहीही असू शकतो. दादाच्या प्लेटची भोके ३० मिलिमीटरची निघाली. मी घेतलेला रॉड २५ चा होता, कारण दुकानात विचारताना मीही ‘एक इंची’ एवढेच म्हणालो होतो.

पाच मिलिमीटरची ही ढिलाई कागदावर क्षुल्लक दिसते. प्रत्यक्षात अशी प्लेट रॉडवर काटकोनात उभी राहत नाही, ती किंचित कलते, आणि प्रत्येक आवर्तनात खालीवर होताना शेजारच्या प्लेटवर आणि शेवटी नटावर आपटत राहते. बारीक रॉडची टोके आटे पाडलेली असतात आणि प्लेट जागेवर ठेवण्याचे सगळे काम त्या नटाकडे आणि त्याच्या आतल्या रबरी वायसरकडे असते. वायसर नवा असेपर्यंत तो घट्ट धरतो. काही महिन्यांत रबर कडक होते, आणि मग नट दर सेटला थोडा थोडा उलटा फिरतो. इतका थोडा, की डोळ्यांना दिसत नाही.

दोन सुट्या स्टँडवर रॉड ठेवून मी बैठका मारत असे. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंना प्रत्येकी २५ किलो होते. चौथ्या सेटच्या तिसऱ्या की चौथ्या बैठकीतून वर येताना डावीकडे बांगड्या किणकिणाव्यात तसा बारीक आवाज झाला, डावा खांदा एकाएकी हलका झाला, आणि एक क्षणभर, हे कबूल करायला हवे, मला फार बरे वाटले. पुढच्याच क्षणी उजवे टोक खाली गेले, रॉड मानेमागून गरकन फिरला, त्याचे डावे टोक कपाटाच्या दारावर बसले आणि उजवीकडच्या प्लेट जमिनीवर आदळून फरशीचे दोन तुकडे झाले. डावीकडून निसटलेल्या प्लेटपैकी १० किलोची एक प्लेट कडेवर उभी राहिली, सावकाश घरंगळत दारातून बाहेर गेली, बोळातून चपलांच्या स्टँडपर्यंत पोहोचली आणि तिथे आडवी होताना नाणे फिरून पडते तसा, अधिकाधिक जलद होत जाणारा आवाज करत थांबली.

आतून आईने विचारले, “काय पडलं रे?”

“काही नाही, आई. प्लेट.”

“फुटली का?”

“नाही. फरशी फुटली.”

मानेला आणि उजव्या खांद्याला जो झटका बसला त्याने तीन आठवडे हात डोक्याच्या वर जात नव्हता. दादाने फोनवर सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि निकाल दिला, “नट आवळला नसशील.” खरे सांगायचे तर डावा नट मी त्या दिवशी पहिल्या सेटनंतर तपासला नव्हता. पण जे साहित्य वापरताना दर सेटनंतर पाना घेऊन फिरावे लागते, ते साहित्य चांगले कसे, हा माझा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे. ५० मिलिमीटरच्या गुळगुळीत टोकावर साधी स्प्रिंगची क्लिप किंवा दाबून बसणारी कॉलर लावली की ती प्लेटला चिकटून राहते. तिथे उलटे फिरायला आटेच नसतात.

शिवाय लहान व्यासाच्या प्लेटचा आणखी एक तोटा मला फार उशिरा कळला. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला रॉड साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर राहतो आणि डेडलिफ्टची, म्हणजे रॉड जमिनीवरून उचलण्याच्या व्यायामाची, सगळी शिकवण ती उंची गृहीत धरते. दादाच्या प्लेटवर माझा रॉड जवळजवळ घोट्याशी यायचा. दोन वर्षे मी पाठ वाकवून तो उचलत होतो आणि आपलीच कंबर ताठ आहे, असे समजत होतो. शेवटी प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवले आणि कंबरेची तक्रार महिन्याभरात थांबली.

आता आपल्या खोलीकडे येतो. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. २.२ मीटरचा रॉड त्या दिशेने आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंना बेचाळीस सेंटिमीटर उरतात. त्यात उभे राहून प्लेट चढवता येते, पण अंग चोरूनच. आठ फुटांच्या दिशेने तो ठेवण्याचा विचारही करू नये. १५ किलोचा, २.०१ मीटर लांबीचा महिलांचा रॉड हा अशा खोलीसाठी उत्तम पर्याय आहे आणि पुरुषांनी त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्याची पकड २५ मिलिमीटरची, म्हणजे थोडी बारीक असते, पण प्लेट चढवायच्या दोन टोकांच्या मधल्या भागाची लांबी मोठ्या रॉडइतकीच, १३१ सेंटिमीटर असते, त्यामुळे तो पूर्ण रुंदीच्या रॅकवर नीट बसतो. त्याहून आखूड रॉड घेताना ही लांबी आधी मोजावी, नाहीतर रॉड रॅकच्या दोन खांबांमध्येच पडतो. छताचेही माप घ्यावे: उभ्याने वजन डोक्यावर नेणार असाल तर हात पूर्ण ताणल्यावर मुठीच्या वर मोठ्या प्लेटची साडेबावीस सेंटिमीटर त्रिज्या आणि थोडी मोकळीक लागते.

रॅक घ्याच, आणि तो आडव्या सुरक्षा दांड्यांसकट घ्या. एकट्याने व्यायाम करणाऱ्या माणसाचा तोच जोडीदार असतो. बैठकीत सर्वांत खालच्या अवस्थेत रॉड जिथे येतो त्याच्या दोन बोटे खाली त्या दांड्या लावाव्यात. बेंचप्रेसमध्ये, म्हणजे बेंचवर उताणे पडून रॉड छातीपासून वर ढकलण्याच्या व्यायामात, छाती फुगलेली असताना रॉडच्या किंचित खाली आणि श्वास सोडल्यावर गळ्याच्या वर राहतील अशा लावाव्यात. ज्याच्याकडे अशा दांड्या नाहीत आणि तरीही जो एकटाच बेंचप्रेस करतो, त्याने निदान कॉलर लावू नयेत, म्हणजे अडकल्यास रॉड एका बाजूला कलवून प्लेट सोडून देता येतील. “स्टँडला दांड्या भित्र्या माणसांना लागतात,” हे दादाचे दुसरे प्रसिद्ध वाक्य. त्यावर मी अधिक काही लिहीत नाही.

बेंच सपाट आणि न डुगडुगणारा असला की पुरे. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर दिली आहे, आणि पाय जमिनीवर घट्ट टेकण्यासाठी तेवढीच योग्य वाटते. प्लेट घेताना मात्र लोक नेमकी उलटी चूक करतात: मोठ्या प्लेट भरपूर घेतात आणि सव्वा किलोच्या जोडीला विसरतात. वजनाच्या व्यायामाचे सगळे शास्त्र थोडे थोडे वाढवण्यावर उभे आहे. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे स्नायू पुन्हा बळकट करण्याची आपली पद्धत १९४५ साली मांडली, तिचा गाभाच मुळी हा होता, की जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते मोजून काढावे आणि ताकद वाढेल तसे तेही वाढवत न्यावे. दादाच्या ढिगात सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची होती, म्हणजे कमीत कमी वाढ पाच किलोची. खांद्यांच्या व्यायामात मी त्या एका पायरीवर आठ महिने अडकून होतो.

मल्टिजिमबद्दल माझे मत वाईट आहे. ते खोली खाते, घर बदलताना जीव काढते, आणि त्याच्या वजनांवर लिहिलेला आकडा हाताला जाणवतोच असे नाही. कप्पी दोनास एक या प्रमाणात असेल तर ४० किलो लिहिलेले वजन हाताला २० किलोच लागते. बदलत्या वजनाचे डंबेल ही मात्र प्रामाणिक वस्तू आहे. आट्यांचे घेतलेत तर नटाची कथा वर आलीच आहे. तबकडी फिरवून वजन बदलणारे घेतलेत तर ते जमिनीवर टाकायची सवय सोडावी लागेल, कारण आतली यंत्रणा आपटणे सहन करत नाही.

इथवर वाचून आपण डंबेल घेण्याचा बेत सोडला असेल तर थोडे थांबा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा बळकटीचा व्यायाम सुचवते, आणि तेवढेच उद्दिष्ट असेल तर डंबेलची एक जोडी, एक बेंच आणि जमिनीवर जाड रबरी चटई एवढ्यावर वर्षानुवर्षे निभावते. मी जे वर लिहिले ते दरमहा रॉडवर काहीतरी वाढावे असे वाटणाऱ्यांसाठी आहे. आणि हेही सांगायला हवे की, दादाने स्वतः त्याच प्लेटवर, त्याच प्रकारच्या रॉडवर पंधरा वर्षे व्यायाम केला, त्याचा नट कधी सुटला नाही, आणि आजही तो माझ्यापेक्षा जास्त वजन उचलतो.

तेव्हा नातेवाइकांना प्लेटचे वजन विचारण्याआधी भोकाचा व्यास मोजायला सांगा. तो ५० मिलिमीटरच्या आसपास असेल तर आजच जाऊन घेऊन या. बारीक असेल तर त्या फक्त डंबेलच्या दांडीसाठी घ्या, आणि दांडी त्या मापाचीच घ्या. बारीक रॉडला नळीचे आवरण चढवून त्यावर मोठ्या भोकाच्या प्लेट बसवता येतात. उलट दिशेने काही उपाय नाही. म्हणजे एक आहे. मी शेवटी ५० मिलिमीटरचा रॉड घेतला तेव्हा दादा म्हणाला, “मग लेथवर भोकं मोठी करून घे ना.” बहुतेक प्लेटना मधल्या गड्ड्यात तेवढे लोखंडच नव्हते, पण १० किलोच्या दोन निघाल्या, त्यातली एक चपलांच्या स्टँडपर्यंत गेलेली. कातून आल्यावर काट्यावर ठेवल्या तर प्रत्येकीतून पाव किलोहून थोडे अधिक लोखंड गेले होते. त्या मी अजून वापरतो, आणि हिशेब चुकू नये म्हणून त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने ९.७ लिहून ठेवले आहे.